शिळे कशाला म्हणावे?



वर्षावासाच्या दिवसांत आमच्या वसाहतीतील विहारात दर रविवारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते आणि पौर्णिमेला महिला मंडळाच्या वतीने भोजनदान असते. गेल्या वर्षावासात एका पौर्णिमेला मंडळाच्या भगिनींनी पुलाव केला होता. भर पावसात ताजा वाटाणा मिळणे कठीण आणि मिळाला तरी परवडणे कठीण. म्हणून त्यांनी स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमधून गोठवलेल्या वाटाण्याची दोन पाकिटे आणली होती. पंगत बसली, ताटे वाढून झाली आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी आपले ताट पुढे सरकवले.

“ह्यो वाटाणा बर्फातला हाय. महिनंच्या महिनं पडलेला. शिळा!” मावशी म्हणाल्या. “शिळंपाकं खायचं न्हाई म्हणून माझ्या बापानं गाव सोडलं, आन् तुम्ही विहारात बसून शिळं वाढता व्हय?”

पंगत गप्प झाली. पुलाव करणाऱ्या भगिनींची तोंडे उतरली. मावशींच्या बोलण्याला हसावे असे त्यात काहीच नव्हते. ‘शिळे’ हा शब्द इतरांच्या घरात फक्त चवीचा असेल. आपल्या समाजात तो अपमानाचा शब्द आहे. गावकीची कामे करून ओंजळीत पडणारे शिळेपाके तुकडे आपल्या आज्या-पणज्यांनी खाल्ले आहेत. 1927 च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला आणि शिळ्या तुकड्यांची लाचारी टाकून द्यायला सांगितले. चवदार तळ्याचे पाणी जितके मोठे, तितकीच ही गोष्टही मोठी. माणसाच्या तोंडात काय जाते याचा त्याच्या स्वाभिमानाशी संबंध असतो, हे आपण तेव्हापासून शिकलो. त्यामुळे मावशींचा प्रश्न खरा आहे. मग गोठवलेला वाटाणा शिळा आहे की नाही?

त्याच संध्याकाळी आम्ही मावशींच्या घरी गेलो. तेथे पाहिले ते मावशींच्या परवानगीने लिहितो. त्यांची सूनबाई एका रुग्णालयात साफसफाईच्या कामाला आहे. सकाळी सहाला घर सोडते, रात्री आठला परतते. ती नुकतीच आली होती आणि गॅसवर कढई ठेवून पाकिटातले नगेट्स तळत होती. आठवीतला नातू ताट घेऊन बसलेला. मावशींनीही चार-पाच तुकडे घेतले आणि म्हणाल्या, “हे बग, गरम, ताजं!” मावशींना उच्च रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले म्हणून त्या भाकरीच्या पिठातही मीठ घालू देत नाहीत. सूनबाई हळू आवाजात म्हणाली, “दादा, पाच मिनिटांत होतं. पोरगं उपाशी झोपत नाही.”

तिला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. चौदा तास घराबाहेर राहणाऱ्या बाईने पाच मिनिटांत होणारी वस्तू घेतली, तर तो तिचा आळस नव्हे. पण ते पाकीटही त्याच सुपरमार्केटच्या त्याच फ्रीझरमधून आले होते. विहारातला वाटाणा शिळा ठरला आणि घरातला नगेट ताजा ठरला, कारण नगेट तळताना वाफ दिसली!

पुढच्या रविवारी आम्ही, सूनबाई आणि तिचा मुलगा असे तिघे सुपरमार्केटमध्ये गेलो. काही विकत घ्यायचे नव्हते, फक्त वाचायचे होते. फ्रीझरमधून आम्ही तीन पाकिटे बाहेर काढली: वाटाणा, पराठा आणि नगेट्स.

वाटाण्याच्या पाकिटावर मागे घटकपदार्थांच्या जागी एकच गोष्ट लिहिली होती: हिरवा वाटाणा. ना मीठ, ना रंग, ना टिकवण्यासाठी काही औषध. सूनबाईने विचारले, “मग हा सडत कसा नाही?” उत्तर सोपे आहे. अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना वाढायला ऊब लागते आणि पाणी लागते. आपल्या आयांनी सुकट, बोंबील, सांडगे, कुरडया उन्हात वाळवून पाणी काढून टाकले. म्हणून त्या वस्तू पावसाळाभर टिकल्या. उणे 18 अंशांच्या थंडीत पाण्याचा बर्फ होतो आणि जिवाणूंची वाढ थांबते. वाटाणा थंडीच्या हंगामात शेतातून येतो, सोलला जातो, एक-दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून वा वाफेतून काढला जातो, म्हणजे त्याचा रंग आणि चव बिघडवणारी त्याच्यातली द्रव्ये निकामी होतात. मग तो झटकन थंड करून दाणा दाणा सुटा राहील असा गोठवतात. या सगळ्यात थोडे क जीवनसत्त्व जाते. पण ताज्या म्हणून घेतलेल्या शेंगा चार दिवस टोपलीत पडल्या तरी ते जातेच.

झटकन गोठवण्याची ही विद्याही एखाद्या मोठ्या कारखान्यात जन्मली नाही. अमेरिकेचे क्लॅरेन्स बर्ड्सआय 1910 नंतरच्या दशकात कॅनडाच्या लॅब्राडोर भागात होते. तेथील मूळ रहिवासी इन्युइट लोक पकडलेला मासा कडाक्याच्या वाऱ्यात बर्फावर ठेवत. मासा क्षणात गोठे आणि महिन्यांनंतरही ताज्यासारखा लागे. सावकाश गोठवले तर बर्फाचे खडे मोठे होतात आणि आतला गर फाडतात. झटकन गोठवले तर खडे बारीक राहतात, हे त्यामागचे कारण. बर्ड्सआय यांनी तशी यंत्रे बनवली आणि 1930 साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरात असे गोठवलेले पदार्थ दुकानांत विक्रीला आले. ज्ञान मूळ रहिवाशांचे आणि नाव कंपनीचे, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवीन नाही!

दुसरे पाकीट पराठ्याचे. पुढच्या बाजूला गव्हाच्या ओंब्यांचे चित्र. मागे पहिलाच शब्द ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’. मुलाने वाचला आणि म्हणाला, “व्हीट म्हणजे गहू.” गहू खरा, पण रिफाइंड व्हीट फ्लोअर म्हणजे मैदा. पोळीचे पीठ हवे असेल तर तेथे ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ असे शब्द हवेत. येथे एक नियम पाठ करून ठेवावा: घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. आधी मैदा आणि शेवटी कोठेतरी आटा असेल, तर चित्रातल्या ओंब्या चित्रातच राहिल्या असे समजावे.

तिसरे पाकीट नगेट्सचे. पुढे भाज्यांचे चित्र. मागची यादी मुलाला एका दमात वाचता आली नाही. बटाटा, मैद्याचा ब्रेडचा चुरा, ताडतेल, स्टार्च, साखर, मीठ, माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, चव वाढवणारा पदार्थ आणि मग ‘आयएनएस’ या अक्षरांपुढे आकडे. भाज्या होत्या, पण यादीच्या शेपटीला. प्रत्येक आकडा विषारी असतो असे मात्र आम्ही म्हणणार नाही. 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, जे लिंबातही असते. 621 म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, लोक ज्याला अजिनोमोटो म्हणतात. मुद्दा एकेका आकड्याचा नाही. ज्या वस्तू आपल्या स्वयंपाकघरात कोणत्याच डब्यात सापडत नाहीत अशांची रांगच्या रांग दिसली, तर तो पदार्थ स्वयंपाकघरात नव्हे, कारखान्यात जुळवला गेला आहे.

जगातल्या विद्वानांनीही हीच वाटणी केली आहे. ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो यांनी 2009 साली अन्नाचे गट पाडण्याची पद्धत मांडली. तिला ‘नोव्हा’ म्हणतात आणि तिच्यात आज चार गट मानले जातात. पहिला गट मुळात जसे आहे तसे किंवा किमान प्रक्रिया केलेले अन्न. गोठवलेला साधा वाटाणा याच गटात बसतो. दुसरा गट तेल, मीठ, साखर. तिसरा गट पहिल्यात दुसरे घालून केलेले पदार्थ. चौथा गट अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचा. नगेट्स या गटातले. म्हणजे एकाच फ्रीझरमध्ये पहिला आणि चौथा गट शेजारी शेजारी पडलेले असतात! 2019 साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत 20 माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न देऊन पाहिले. दोन्ही वेळी हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेले अन्न खाताना ती माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजन वाढले. आपल्या देशातही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत असे पदार्थ कमीत कमी खा आणि पाकिटावरची माहिती वाचा, असे सांगितले आहे.

आता मावशींच्या गोळीचा हिशेब मांडू. पाकिटावर मीठ मीठ म्हणून छापलेले नसते, ‘सोडियम’ म्हणून असते. 1 ग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. समजा, पाकिटावर 100 ग्रॅममागे 500 मिलीग्रॅम सोडियम छापले आहे. त्याला अडीचने गुणले की सव्वा ग्रॅम मीठ होते. चार-पाच नगेट्स म्हणजे जवळपास 100 ग्रॅम. म्हणजे दिवसाच्या मिठाचा पाव हिस्सा पाच मिनिटांत पोटात गेला आणि वर मावशी भाकरीत मीठ घालू देत नाहीत! हिशेब करताना आकडा 100 ग्रॅममागे आहे की एका वाढपामागे, हे जरूर पाहावे. वाढप लहान धरले की आकडाही लहान दिसतो. आपण काही एक वाढप मोजून खात नाही.

पैशांचाही हिशेब हवा, कारण आपला पगार ठरलेला आहे. वाटाण्याच्या शेंगा सोलल्या की दाणा साधारण निम्माच निघतो. समजा, पावसाळ्यात शेंगा 150 रुपये किलो असतील, तर दाणा 300 रुपये किलो पडला. तेव्हा गोठवलेला वाटाणा स्वस्त ठरतो. डिसेंबर-जानेवारीत शेंगा 40 रुपयांवर आल्या, तर दाणा 80 रुपये पडतो. तेव्हा मंडईतला ताजाच घ्यावा. पाकिटावर आता एकूण किमतीबरोबर ग्रॅममागे किंवा किलोमागे दरही छापावा लागतो. दोन पाकिटांची तुलना त्या दराने करावी, पाकिटाच्या आकाराने नव्हे.

आमच्या वसाहतीतला एक तरुण अशाच एका सुपरमार्केटच्या फ्रीझर विभागात ठेक्यावर काम करतो. त्याने सांगितलेल्या आणि आम्ही पडताळून पाहिलेल्या काही गोष्टी मायभगिनींसाठी देत आहोत.

पाकीट हलवून पाहा. आतला दाणा सुटा वाजला पाहिजे. सगळा मिळून दगड झाला असेल, आत बर्फाचा जाड थर असेल, तर माल एकदा वितळून पुन्हा गोठला असण्याचा संभव मोठा. तो घेऊ नये.

आडव्या फ्रीझरच्या आत एक रेघ असते. माल त्या रेघेच्या खाली असावा लागतो. रेघेवर रचलेल्या ढिगाला पुरेशी थंडी लागत नाही. पाकीट खालून घ्यावे.

गोठवलेला माल खरेदीच्या शेवटी उचलावा, वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवावा आणि थेट घर गाठावे. दोन दिवस पुरेल एवढेच न्यावे हे उत्तम. आपल्या एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा दुकानाच्या फ्रीझरइतका थंड नसतो आणि वीजही जाते. वितळलेले पाकीट पुन्हा गोठवू नये, शिजवून संपवावे.

गोणीतून किलोवर मिळणारा सुटा गोठवलेला वाटाणा टाळावा. त्यावर ना तारीख, ना परवाना क्रमांक, ना घटकपदार्थ. जेथे वाचायलाच काही नाही, तेथे विश्वास कशावर ठेवायचा? आधीच आणला असेल, तर दाणे अर्धा तास पाण्यात ठेवून पाहा. पाणी हिरवे झाले तर रंग लावलेला आहे.

मासळी, कोळंबी, कोंबडी घेताना घटकांत फक्त मासळी किंवा कोंबडीच लिहिलेली असावी. आयएनएस 451 असा आकडा दिसला तर तो फॉस्फेट. ते पाणी धरून ठेवते आणि वजन वाढते. पाण्याचे पैसे आपण नळाला देतोच, मासळीवाल्याला कशाला द्यावेत?

आणि सर्वांत महत्त्वाचे: गोठवलेली भाजी किंवा मका तसाच खाऊ नये, नीट शिजवूनच खावा. थंडीने जिवाणू थांबतात, सगळेच मरत नाहीत. युरोपात 2015 ते 2018 या काळात गोठवलेल्या मक्यातून आणि भाज्यांतून लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची लागण झाली आणि 9 माणसे दगावली.

खराब माल मिळाला तर पाकीट व पावती जपून ठेवा आणि ग्राहकांच्या 1915 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करा. गप्प बसणे ही आपली परंपरा नव्हे.

राहिला पाच मिनिटांचा प्रश्न. कढईत तेल, मोहरी, कांदा, त्यात थेट गोठलेला वाटाणा, झाकण ठेवून पाच मिनिटे. मग भिजवलेले पोहे किंवा दोन फोडलेली अंडी. सगळे मिळून बारा मिनिटे. नगेट्सपेक्षा सात मिनिटे जास्त, हे आम्ही लपवत नाही. पण ही सात मिनिटे रात्री आठला दमून आलेल्या सूनबाईनेच का द्यावीत? आठवीतला मुलगा कांदा चिरू शकतो. घरातला पुरुष कढई चढवू शकतो. स्त्रियांच्या प्रगतीवर समाजाची प्रगती मोजणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे आणि स्वयंपाकघरात मागे, हे शोभत नाही.

हंगामात स्वस्त वाटाणा मिळाला तर घरीही साठवता येतो. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे टाकून काढावेत, लगेच गार पाण्यात घालावेत, फडक्यावर कोरडे करून लहान पिशव्यांत बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत आणि महिना-दोन महिन्यांत संपवावेत.

आता मावशींचे उत्तर. मावशी, शिळे म्हणजे थंड नव्हे. शिळे म्हणजे दुसऱ्याने आपल्या सोयीसाठी आपल्यासमोर टाकलेले आणि आपण काहीही न विचारता उचललेले. पूर्वी आपल्याला विचारण्याची सोय नव्हती. आज पाकिटाच्या मागे सगळे छापलेले आहे आणि तरी आपण पुढचे चित्र पाहून उचलतो. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले की, ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा वाटतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखा. पाकिटाच्या पुढची बाजू म्हणजे कंपनीचे सांगणे. मागची बाजू म्हणजे आपली पारख. मागची अक्षरे बारीक असतात आणि मराठीत छापण्याची सक्तीही नाही. बहुधा इंग्रजीच असते. पण घरातली मुले इंग्रजी वाचतात. त्यांना दुकानात न्या, वाचायला लावा. ज्या समाजाला अक्षर शिवू दिले नाही, त्या समाजाने छापलेले अक्षर न वाचता सोडू नये.

आम्ही हे सगळे मावशींना वाचून दाखवले. मावशी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षर शिकलेल्या. त्यांनी चष्मा लावून वाटाण्याचे पाकीट उलटे केले आणि नातवाला विचारले, “एवढंच लिवलंय?” तो म्हणाला, “हो आजी, एवढंच.” मग त्यांनी नगेट्सची यादी वाचायला लावली. निम्म्यावरच त्याला थांबवले.

त्यांच्या घरात नगेट्स आता महिन्यातून एखादे वेळी, नातवाच्या हट्टापुरते येतात. मावशी त्यांना हात लावत नाहीत. पुढच्या पौर्णिमेला विहारात पुन्हा पुलाव होता आणि वाटाणा पुन्हा गोठवलेलाच होता. मावशींनी ताट सरकवले नाही. वाटाणे मात्र एका कडेला काढून ठेवले. आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, “शिळा न्हाई, पटलं. पण मला वाटाणा आवडतच न्हाई.”

नमो बुद्धाय! जयभीम!